कालव्यांच्या गावी पाण्याचा धडा

‘द्रवाचा दाब’ हा धडा शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो. “सर, नेदरलँड्समध्ये म्हणे समुद्रापेक्षा खालच्या पातळीवर लोक राहतात. मग सबंध समुद्राचे पाणी बांधावर रेटत असताना तो बांध टिकतो तरी कसा?” प्रश्न मोठा मार्मिक आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण त्या देशातील डेल्फ्ट या कालव्यांच्या जुन्या गावी एका दिवसाची सहल काढू. प्रवास आगगाडीने करायचा आणि खिडकीजवळची जागा पकडायची!

सरोवराच्या तळावरून

आम्स्टरडॅमहून डेल्फ्टला पोचायला सुमारे एक तास लागतो. वाटेत स्खिपोल विमानतळाचे स्थानक येते. हा विमानतळ समुद्रसपाटीच्या ३ ते ४ मीटर खाली आहे, कारण तो हार्लेममेर नावाच्या एका प्रचंड सरोवराच्या तळावर बांधलेला आहे. १८४९ ते १८५२ या काळात वाफेवर चालणाऱ्या तीन पंपगृहांनी या सरोवराचे पाणी उपसून काढले. त्यांपैकी एक पंपगृह आज संग्रहालय म्हणून जतन केले आहे. त्यातील इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ३.६६ मीटर आहे, म्हणजे आपल्या वर्गखोलीच्या उंचीपेक्षाही जास्त!

पुढे गाडी सपाट कुरणांमधून धावू लागते. या प्रदेशात ठिकठिकाणी एक चमत्कारिक दृश्य दिसते. कुरणात गाई चरत असतात आणि त्यांच्यापेक्षा वरच्या पातळीवरून, बांधापलीकडच्या कालव्यातून होडी जात असते. आपल्याकडे शेत वर आणि ओढा खाली. येथे सारे उलटे!

याचे कारण असे. बांध घालून, आतले पाणी काढून कोरड्या केलेल्या जमिनीला तेथे ‘पोल्डर’ म्हणतात. पाऊस पडला की पोल्डरमधील पाणी बारीक चरांतून एकत्र होते. पण ते आपण होऊन समुद्राकडे वाहत नाही, कारण समुद्र वर आहे. म्हणून ते आधी उचलून वरच्या कालव्यांत टाकावे लागते आणि तेथून नदीत किंवा समुद्रात सोडावे लागते. डेल्फ्टचे कालवे हे असे मधल्या पायरीचे कालवे आहेत. त्यांची पातळी समुद्रसपाटीच्या सुमारे ४० सेंटिमीटर खाली राखली जाते. भोवतालचे पोल्डर त्याहूनही खाली आहेत.

एक घनमीटर पाणी दीड मीटर उचलायला सुमारे १४,७०० ज्यूल ऊर्जा लागते. पूर्वी ही ऊर्जा पवनचक्क्या पुरवीत, मग वाफेची इंजिने आली आणि आता विजेचे पंप आहेत. हे काम एकदा करून संपत नाही. पाऊस आहे तोवर उपसा आहेच.

तरंगू पाहणारा बोगदा

डेल्फ्ट आले की गाडी बोगद्यात शिरते. पूर्वी रूळ गावातून एका उंच पुलावरून जात. २०१५ साली रेल्वेमार्ग जमिनीखाली नेण्यात आला. तुम्ही म्हणाल, बोगद्यात विशेष ते काय? विशेष असे, की येथील माती पाण्याने तुडुंब भरलेली आहे. अशा मातीतील बोगदा म्हणजे जणू पाण्यात दाबून धरलेला रिकामा डबा. सोडला की तो वर येऊ पाहणार!

कल्पना करा, बोगदा १० मीटर रुंद आणि ८ मीटर उंच आहे. मग त्याचा दर एक मीटर लांबीचा तुकडा ८० घनमीटर पाणी बाजूला सारतो. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार त्याला ८० टन वजनाएवढे बल वर ढकलते. काँक्रीट पाण्याच्या सुमारे २.४ पट जड असते. म्हणजे केवळ काँक्रीटच्या वजनावर हा तुकडा खाली ठेवायचा, तर त्यात किमान ३३ घनमीटर काँक्रीट हवे. अर्थात वरच्या मातीचे वजनही मदतीला येते. पण असा हिशेब मांडल्याशिवाय ओल्या भूमीत बोगदा बांधता येत नाही.

स्टेव्हिनचे गाव

स्थानकाबाहेर पडून थोडे चालले की ‘औडे डेल्फ्ट’ हा गावातील जुना कालवा लागतो. ‘डेल्फ्ट’ हे नावच मुळी ‘खणणे’ या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. कालवा आधी, गाव मागाहून! दोन्ही काठांवर झाडे आणि जुनी घरे आहेत. काठावरच जुन्या चर्चचा ७५ मीटर उंचीचा मनोरा उभा आहे. कालव्याची जागा हटवून भर घातलेल्या भूमीवर तो बांधला गेला, त्यामुळे एका अंगाला खचला आणि त्याचा माथा सुमारे दोन मीटर कलला. कोन काढून पाहा. तो जेमतेम दीड अंश भरेल. याच चर्चमध्ये अँटनी व्हान ल्यूवेनहूक यांची समाधी आहे. १६७४ साली डेल्फ्टजवळच्या एका सरोवराचे पाणी आपल्या भिंगाखाली धरून त्यांनी त्यातील सूक्ष्म जीवांचे वर्णन लिहिले.

परंतु आपल्या प्रश्नाचे उत्तर दिले ते त्यांच्याही आधी होऊन गेलेल्या सिमॉन स्टेव्हिन (१५४८ ते १६२०) या अभियंत्याने. डेल्फ्टमधील आपले मित्र यान द ग्रोट यांच्यासह त्याने शिशाचे दोन गोळे ३० फूट उंचीवरून सोडले. एक गोळा दुसऱ्याच्या दसपट जड होता, तरी खालच्या फळीवर दोघांचा आवाज एकदमच झाला. १५८६ साली त्याने हे प्रसिद्ध केले. तेव्हा गॅलिलिओ अवघा बावीस वर्षांचा होता. त्याच वर्षी स्टेव्हिनने पाण्याच्या वजनाविषयीही एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील निष्कर्ष असा: भांड्याच्या तळावरील पाण्याचा रेटा तळाच्या क्षेत्रफळावर आणि पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो, भांड्याच्या आकारावर किंवा त्यात एकंदर पाणी किती आहे यावर नाही.

आता बांधाकडे पाहा. बांधापाशी पाणी ३ मीटर खोल आहे. त्यामागे लहानसे तळे असो की सबंध उत्तर समुद्र, स्थिर पाण्याचा बांधावरील रेटा तेवढाच! पृष्ठभागी दाब शून्य आणि तळाशी सर्वाधिक, म्हणून सरासरी दाब निम्म्या खोलीवरचा धरायचा. बांधाच्या दर मीटर लांबीवर

रेटा = ½ × १००० × ९.८ × ३ × ३ = ४४,१०० न्यूटन,

म्हणजे सुमारे साडेचार टन वजनाएवढा. मातीचा रुंद बांध हे ओझे सहज पेलतो. समुद्र किती विस्तीर्ण आहे याची बांधाला फिकीर नाही. तो किती उंच चढतो, याची मात्र आहे.

खरा धोका

वरील सूत्रात खोलीचा वर्ग येतो, हे ध्यानात घ्या. पाणी ३ मीटरऐवजी ४ मीटर झाले, तर खोली एकतृतीयांशानेच वाढते. पण रेटा १६ भागिले ९, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट होतो. उभी भिंत असेल तर तिला उलथवू पाहणारा परिणाम खोलीच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे २.४ पटींच्या आसपास वाढतो. शिवाय लाटांचे तडाखे आणि बांधात मुरणारे पाणी वेगळेच.

३१ जानेवारी १९५३ च्या रात्री नेमके हेच घडले. वादळी वाऱ्याने उत्तर समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे लोटले आणि त्यात मोठी भरती होती. हूक व्हान हॉलंड येथे पाणी नेहमीच्या शून्य पातळीच्या ३.८५ मीटर वर चढले. अनेक ठिकाणी बांध फुटले आणि त्या एका देशात १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. पहाटे हॉलंडसे आयसेल नदीचा बांधही खचू लागला. त्या बांधामागे डेल्फ्टसह सारा सखल, दाट वस्तीचा प्रदेश होता. तेव्हा आरी एव्हेग्रून नावाच्या नावाड्याने आपले जहाज त्या भगदाडात आडवे घातले. पाण्याच्या रेट्यानेच ते बांधाला घट्ट चिकटून बसले आणि भगदाड बुजले.

पुढे समुद्राच्या मुखांवर धरणे आणि दारे बांधण्यात आली. १९९७ साली पूर्ण झालेले मास्लांट हे दार डेल्फ्टपासून फार दूर नाही. त्याला दोन पोकळ पाख्या आहेत. प्रत्येक २१० मीटर लांब आणि २२ मीटर उंच! वादळ आले की त्या तरंगत नदीच्या मध्यावर येतात, मग आत पाणी भरून त्यांना तळाशी बसवतात. धोका टळला की पाणी उपसायचे. त्या पुन्हा तरंगू लागतात. वादळासाठी हे दार प्रथम २००७ साली बंद झाले आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा. बोगद्याला वर ढकलणारे बल येथे कामाला जुंपलेले आहे.

परतण्यापूर्वी औडे डेल्फ्टच्या काठावरील एक जुने दगडी घर अवश्य पाहावे. डेल्फलंडच्या पाणी-मंडळाची ही वास्तू. हे मंडळ आपला आरंभ १२८९ सालापासून मोजते. बांध राखणे, पातळी सांभाळणे आणि त्यासाठी कर गोळा करणे ही त्याची कामे. त्याचे सदस्य निवडणुकीने येतात. शेजाऱ्याने आपल्या हद्दीतील बांध राखला नाही तर पाणी सर्वांच्याच घरात शिरते, ही गोष्ट तेथील लोकांना सातशे वर्षांपूर्वीच उमगली होती. आपल्या कोकणातील खारभूमीचे बांध आणि त्यांच्या उघाड्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

करून पाहा

एक रुंद आणि एक अरुंद असे पत्र्याचे दोन डबे घ्या. दोन्हींना तळापासून २ सेंटिमीटर उंचीवर एकाच खिळ्याने भोक पाडा. दोन्हींत सारख्याच उंचीपर्यंत पाणी भरा आणि वरून पाणी घालत ती उंची कायम राखा. कोणत्या डब्याची धार लांब पडते? आधी अंदाज वहीत लिहा, मग मोजा. नंतर एका डब्यातील पाण्याची उंची भोकापासून चौपट करा आणि धार किती पट लांब जाते ते पाहा. ती चौपट जात नाही. का, याचा विचार आपल्या शिक्षकांबरोबर बसून करा.