ओतून आणलेलं हॉटेल

संपादकांना युरोपातल्या एखाद्या नदीकाठच्या जुन्या, आलिशान हॉटेलातल्या मुक्कामावर लेख हवा होता. दिवाळी अंकाच्या मानधनात पुण्याजवळच्या आमच्या पिरंगुटहून चांदणी चौकापर्यंतचं रिक्षाभाडं सुटतं, डॅन्यूबचा काठ सुटत नाही. म्हणून मी विषयाला दुसऱ्या बाजूने हात घातला. युरोपातल्या नदीकाठी ओतलेलं, जहाजात भरून मुंबईला आणलेलं आणि काळा घोड्याजवळ उभं केलेलं एक हॉटेल आहे : वॉटसन्स. आजची एस्प्लनेड मॅन्शन. तिथे मुक्काम करता येत नाही, एवढी एक अडचण सोडली तर विषयात बसण्यासारखं सगळं तिथे आहे.

पिरंगुटच्या माणसाला हे हॉटेल समजायला सोपं जातं. भूगाव, भुकूम मागे टाकून इकडे आलं की जिथे भाताची खाचरं होती तिथे आता शेड आहेत. शेडचे खांब, तुळया, पट्ट्या कुठल्या तरी कारखान्यात कापून, भोकं पाडून, नंबर टाकून ट्रेलरवरून येतात. पाया आधीच भरलेला असतो. क्रेन येते, बोल्ट आवळले जातात आणि काल जिथे म्हशी चरत होत्या तिथे सांगाडा उभा राहतो. वॉटसन्स याच रीतीने बांधलं, फक्त दीडशे वर्षांपूर्वी. खांब इंग्लंडात डर्वेंट नदीकाठच्या डर्बी गावात, फीनिक्स फाउंड्रीत ओतले गेले. बांधकाम १८६७ साली सुरू झालं. सुएझ कालवा खुला झाला १८६९ च्या नोव्हेंबरात, म्हणजे सुरुवातीचं लोखंड तरी अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून आलेलं असणार.

मालक जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी. किल्ल्याचे तट पाडून एस्प्लनेडची जागा मोकळी झाली तेव्हा त्याने तिथे भूखंड घेतला. अभियंता होता रोलंड मेसन ऑर्डिश. हा माणूस लोखंडाच्या वेडाने झपाटलेला दिसतो. प्रागमधल्या व्ल्टावा नदीवर १८६८ चा पूल त्याचा, लंडनमध्ये थेम्सवरचा १८७३ चा अल्बर्ट पूल त्याचा आणि सेंट पँक्रस स्टेशनचं २४० फुटांचं एकसंध छप्पर उभं करण्यातही बार्लो या अभियंत्याबरोबर त्याचा हात. युरोपातल्या नद्यांशी एवढं नातं संपादकांना पुरावं.

१८७१ पासून हॉटेलचा डंका वाजू लागला. पाच मजले, सुमारे १३० खोल्या, काचेच्या छताखाली नाचघर आणि वाढायला चक्क इंग्लंडहून आणलेल्या मुली. वॉटसनने विलायतेचं हवामान तेवढं आणायचं ठेवलं, असा विनोद तेव्हा चालायचा. १८९६ च्या जानेवारीत मार्क ट्वेन इथे उतरला होता. गॅलरीतल्या कावळ्यांवर तो खूश झाला. त्याच हॉटेलात एका धिप्पाड जर्मन माणसाने नोकराच्या थोबाडीत मारलेली पाहून मात्र त्याला आपल्या लहानपणीची गुलामगिरी आठवली. दोन्ही गोष्टी त्याने लिहून ठेवल्या आहेत. त्याच वर्षी ७ जुलैला ल्यूमिएर बंधूंच्या माणसाने इथे एक रुपया तिकीट लावून हलती चित्रं दाखवली. हिंदुस्थानातला सिनेमाचा तो पहिला खेळ. त्या सुमाराचे खेळ पाहून आपल्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली.

जमशेटजी टाटांना वॉटसन्सच्या दारातून परत पाठवलं आणि त्या रागातून ताज उभं राहिलं, ही गोष्ट प्रत्येकाला पाठ आहे. गोष्ट छान आहे, पुरावा लंगडा आहे. ताज १९०३ साली उघडलं, त्याचा आराखडा करणाऱ्यांत सीताराम खंडेराव वैद्य होते आणि त्यानंतर वॉटसन्सची रया गेली, एवढं मात्र खरं.

हा इतिहास कुठेही वाचायला मिळतो. मला ते खांब पाहायचे होते आणि ते पाहायला लागणारी नजर माझ्याकडे नाही. म्हणून आमच्याकडच्या एका फाउंड्रीत उभा जन्म काढलेल्या मिस्त्रींना मी बरोबर घेतलं. आता ते कामावर जात नाहीत, पण बीड म्हटलं की त्यांचे डोळे चमकतात. (बीड म्हणजे ओतीव लोखंड, जिल्हा नव्हे. हे त्यांनीच गाडीत एका सहप्रवाशाला बजावून सांगितलं.)

आत जाता येत नाही. इमारतीभोवती आधार आणि जाळी. पदपथावरच्या कमानीखाली काही खांब हाताला लागतात. मिस्त्रींनी वर बघितलंच नाही. खाली वाकून त्यांनी खांबाच्या अंगावरून तळवा फिरवला, मग अंगठ्याच्या नखाने रंगाचे पापुद्रे उकलत एक बारीक उभी रेघ शोधली.

"ही बगा जोड. साच्याच्या दोन पेट्या हितं मिळाल्या. खांब आडवा ओतलाय."

खिशातून रुपया काढून त्यांनी आधी रस्त्याच्या बाजूला वाजवला, मग आतल्या बाजूला. मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. त्यांना नाही.

मग त्यांनी समजावलं ते असं. खांब पोकळ असतो. पोकळी राहावी म्हणून साच्याच्या मधोमध वाळूचा गाभा ठेवतात, त्याला फाउंड्रीत कोअर म्हणतात. साचा आडवा असला की ओतलेला रस कोअरला वर उचलायला बघतो, कारण वाळू हलकी आणि लोखंड जड. कोअर केसभर जरी सरकला तरी खांबाची एक बाजू जाड आणि दुसरी पातळ होते. बाहेरून काही कळत नाही, गोलाई तशीच देखणी दिसते. "आमच्याकडं असा माल आला तर तपासणारा परत पाठवतो," मिस्त्री म्हणाले. "तवाच्या काळी कोण बघणार आत?"

यात अतिशयोक्ती नाही. स्कॉटलंडात टे नदीवरचा रेल्वेपूल १८७९ च्या डिसेंबरात वादळात गाडीसकट कोसळला. चौकशीत पुलाच्या ओतीव खांबांतले असलेच दोष बाहेर आले. ओतताना पडलेली भोकं मेण, राळ, काजळी आणि लोखंडाचा कीस यांच्या लुकणाने बुजवून वरून रंग मारायची पद्धत तेव्हाच्या फाउंड्र्यांत होती. बीड दाबाला दणकट आणि ताणाला कमजोर. खांब म्हणून ते दीडशे वर्षं उभं राहील, पण वाकवायला गेलात तर इशारा न देता तुटतं. पोलाद आधी वाकतं, माणसाला पळायला वेळ देतं.

तरीही मिस्त्री त्या खांबाच्या प्रेमात पडले, हे मी सांगितलंच पाहिजे. वरच्या गॅलरीला पेलणाऱ्या नक्षीदार कंसांकडे बघत ते बराच वेळ पुटपुटत होते : पॅटर्न लाकडाचा असणार, कोण सुतार असेल, एवढी पानं वाळूतून न मोडता कशी काढली असतील. इमारतीचा सगळा भार सांगाडा झेलतो, भिंती फक्त आडोसा. हे तत्त्व पुढे गगनचुंबी इमारतींचं झालं, आणि त्या घराण्यातली पहिली म्हणून नावाजलेली शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग १८८५ ची.

आता अडचणी. हॉटेल बंद पडल्यावर त्याच्या खोल्या तोडून, पार्टिशन घालून भाड्याने दिल्या गेल्या. शेजारी कोर्ट, म्हणून वकिलांची ऑफिसं, झेरॉक्सवाले, टंकलेखक आणि वरच्या मजल्यांवर कुटुंबं. २००५ च्या सुमारास ५३ कुटुंबं आणि ९७ व्यावसायिक गाळे एका छताखाली नांदत होते. मुंबईच्या १९४७ च्या भाडे कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. भाडं एवढं की मालकाला त्यात रंगही परवडू नये, आणि भाडेकरू म्हणणार की घर मालकाचं, दुरुस्ती आम्ही का करायची? या भांडणात छत गळत राहिलं. पाणी मुरलं की बिडापेक्षा आधी सांधे, बोल्ट आणि लाकूड जातं. २००५ च्या पावसाळ्यात दर्शनी भागाचा एक तुकडा गॅलरीसकट कोसळला आणि एक माणूस मेला. त्याच वर्षी जागतिक स्मारक निधीने धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या २००६ च्या यादीत या इमारतीचं नाव घातलं. गंमत अशी की यादीत नाव लागल्याने कुणाच्याही हातात पाना आला नाही.

२०१९ मध्ये म्हाडाने इमारत रिकामी करवली. आयआयटी मुंबईच्या अहवालाने पाडावी असं सुचवलं. वारसा जपणाऱ्या मंडळींनी आणि जुन्या इमारतींचं काम करणाऱ्या अभियंत्यांनी दुरुस्त होईल असं म्हटलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. घर सोडावं लागलेल्या भाडेकरूला या वादातलं सौंदर्य दाखवायला जाऊ नये, एवढी समज मला आहे. खाली चालणाऱ्या माणसाच्या डोक्यावर गॅलरी पडू नये, हे कुठल्याही नक्षीपेक्षा आधी.

दुरुस्ती होईल का, हे मी मिस्त्रींना विचारलं. त्यांनी भावनेचं उत्तर दिलं नाही, कामाचं दिलं. बिडाला साधं वेल्डिंग धरत नाही, तापवून-निववून करावं लागतं, नाहीतर शेजारीच नवी चीर जाते. चिरेवर उपाय म्हणजे थंड टाके : चिरेला आडवी भोकं पाडून त्यात धातूच्या चाव्या ठोकून बसवायच्या. तुटलेल्या प्रेसच्या बॉडीला असे टाके घातलेले त्यांनी पाहिले आहेत. खांब पार गेला असेल तर नवा ओतायचा, पण जुनाच खांब पॅटर्न म्हणून वापरला तर फसगत होते. निवताना बीड मीटरमागे दहा मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न करणाऱ्याची मोजपट्टी मुळातच तेवढी लांब असते. "अवघड न्हाई," ते म्हणाले, "पण आधी मापं घ्या की."

लंडनचं उदाहरण इथे लागू पडतं. सेंट पँक्रस स्टेशनच्या तोंडावरचं मिडलंड ग्रँड हॉटेल १८७३ साली उघडलं. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं हे काम. आपला राजाबाई टॉवरही त्याचाच, वॉटसन्सपासून चालत पाच मिनिटांवर. मिडलंड ग्रँडच्या खोल्यांना न्हाणीघरं जोडलेली नव्हती आणि जाडजूड मजल्यांतून नळ फिरवणं महाग होतं, म्हणून १९३५ साली ते बंद झालं. रेल्वेची कचेरी झाली, १९६० च्या दशकात पाडायला निघाले, १९६७ साली संरक्षण मिळालं. २०११ साली तिथे पुन्हा पाहुणे उतरले. मध्ये शहात्तर वर्षं गेली, पण इमारत उभी होती म्हणून गेली. हे सगळं मुंबईत जसंच्या तसं होईल असं मला वाटत नाही. तिथे एकच मालक होता, इथे मालक, भाडेकरू, म्हाडा, महापालिका आणि न्यायालय आहे.

तरी एक गोष्ट करता येण्याजोगी आहे आणि ती फार महागही नाही. प्रत्येक खांबाची जाडी ध्वनिलहरींच्या यंत्राने चारही बाजूंनी मोजावी, प्रत्येक सांध्याला नंबर द्यावा आणि तो तक्ता लोकांसमोर ठेवावा. कुठला खांब निकामी, कुठला ठणठणीत, हे त्यावरून दिसेल. पाडायचं ठरलंच तर ते तो तक्ता समोर ठेवून ठरवावं. आणि बोल्टांनी जोडलेली इमारत घणाने फोडू नये, बोल्ट सोडवून उतरवावी.