गालिच्यात मुरलेला वास

मांजराने गालिच्यावर केलेली लघवी त्या क्षणी फारशी जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरात बसवत नाही. युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, हे एक कारण. पण मांजराच्या मुताची खास उग्रता येते ती फेलिनाइन या गंधकयुक्त अमिनो आम्लातून. ते स्वतः गंधहीन. सावकाश विघटन होते तेव्हा वासाचे संयुग सुटते. मूत्रातले कॉक्सिन हे प्रथिन फेलिनाइन घडवायला मदत करते, हे जपानी संशोधकांनी २००६मध्ये दाखवले. खच्ची न केलेल्या बोक्यात ते सर्वाधिक.

सारा दोष युरिक आम्लाच्या स्फटिकांना देण्याची रीत आहे. मांजर-कुत्र्यांत ते आम्ल बहुतांशी अलँटॉइन होऊनच बाहेर पडते. डाल्मेशियन कुत्रा हा ठळक अपवाद. पावसाळ्यात जुना वास परततो, कारण वाळलेले क्षार हवेतला ओलावा ओढतात.

म्हणून पहिला तास मोलाचा. जुन्या धोतराच्या बोळ्याने दाबून टिपावे. घासले की ओल गालिच्याच्या पाठीपर्यंत उतरते. मग गार पाणी, पुन्हा टिपणे. वाफेने डाग पक्का होतो. ब्लीच तर नकोच, अमोनियाशी गाठ पडली की विषारी वायू होतो. विकरांचे द्रावण गुणकारी, मात्र भदोहीच्या लोकरी गालिच्यावर जपून. लोकर हेही प्रथिनच, आणि प्रथिने तोडणारे विकर तिलाही सोडत नाही.

बोका कुंथत थेंबथेंब करत असेल, तर गालिचा राहू द्यावा, आधी पशुवैद्य गाठावा. मूत्रमार्ग तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो.