गाडी तापते, घाई नडते

मे महिन्यातला शनिवार, खंबाटकीच्या चढावर गाड्यांची रांग, आत एसी जोरात आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत चाललेली. अशा दिवशी कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या दोन-चार गाड्या दिसतातच, आणि प्रत्येकीभोवती सल्ले देणारी मंडळीही. ‘झाकण काढा’, ‘पाणी मारा’, ‘थर्मोस्टॅट काढून टाका, कटकट मिटेल’. इंजिन तापण्याचं मूळ कारण बऱ्याचदा किरकोळ असतं: चिरलेला होज पाइप, उडालेला फ्यूज, बंद पडलेला पंखा. बिल फुगतं ते तापल्यानंतरच्या अर्ध्या तासात केलेल्या घाईमुळे.

गैरसमज: गाडी तापली की आधी रेडिएटरचं झाकण उघडून गार पाणी ओतायचं.

वस्तुस्थिती: या एका सल्ल्यात दोन धोके आहेत. रेडिएटरचं झाकण आतला दाब साधारण 1 बारने वाढवून धरतं. त्या दाबाखाली साधं पाणीही 120 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब एकदम उतरतो आणि 100 अंशांच्या वर तापलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते. शिट्टी न काढता कुकरचं झाकण उघडण्यातलाच हा प्रकार. चेहरा आणि हात भाजतात. ‘रेडिएटरचं नको, बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीचं उघडू’ ही पळवाटही फसवी आहे. अनेक नव्या गाड्यांत दाबाचं झाकण त्या टाकीवरच असतं.

दुसरा धोका गार पाण्याचा. तापलेल्या धातूवर ते पडलं की एक भाग झटकन आकसतो, शेजारचा फुगलेलाच राहतो आणि हेडला किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो. म्हणून किमान अर्धा तास थांबा. वरचा होज पाइप जाड फडक्याने दाबून पाहा. तो टणक लागला तर आत अजून दाब आहे. मऊ लागला तरी फडकं ठेवूनच झाकण थोडंसं फिरवा, फुसफुस थांबू द्या आणि मगच पूर्ण काढा.

गैरसमज: काटा वर गेला की इंजिन ताबडतोब बंद केलंच पाहिजे.

वस्तुस्थिती: ते परिस्थितीवर अवलंबून आहे. वाफ येत असेल, खाली पाण्याची धार लागली असेल किंवा लाल दिवा लागला असेल, तर गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन लगेच बंद करा. पण नुसता काटा चढतोय, गळती नाही आणि पंखा फिरतोय, तर एसी बंद करून, गाडी कडेला घेऊन इंजिन आयडलवर चालू ठेवणं बरं. वॉटर पंप आणि पंखा चालू राहिल्याने उष्णता बाहेर निघत राहते. इंजिन बंद करताच पाणी फिरायचं थांबतं आणि हेडजवळचं तापमान काही वेळ उलट वाढतं. दोन-तीन मिनिटांत काटा उतरला नाही, तर मात्र बंद करा.

याच वेळी हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा, काचा खाली घ्या. मे महिन्यात हे वेडेपणाचं वाटेल, पण हीटरच्या आत एक छोटा रेडिएटरच असतो. इंजिनची थोडी उष्णता तो केबिनमध्ये ओढून घेतो. घामाघूम व्हाल, पण हेड वाचेल.

गैरसमज: कूलंट थंड प्रदेशासाठी असतं, आपल्याकडे नळाचं पाणी चालतं.

वस्तुस्थिती: आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही, हे खरं. पण कूलंट उकळण्याचा बिंदूही वर नेतं. निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं मिश्रण दाबाखाली साधारण 125 अंशांच्या पुढे जाऊन उकळतं. शिवाय त्यातली रसायनं गंज रोखतात. बोअरच्या जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात आणि काही वर्षांनी मेकॅनिक सांगतो, ‘रेडिएटर चोक झालाय.’

याच्या उलट, निव्वळ कूलंट ओतणंही चूकच. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. म्हणून डब्यावर ‘कॉन्सन्ट्रेट’ लिहिलं असेल तर सांगितलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळा; ‘रेडी टू यूज’ असेल तर तसंच घाला. रस्त्यात अडलात तर पिण्याच्या बाटलीतलं पाणी चालेल, पण इंजिन निवल्यावर, आणि नंतर ते बदलून घ्यायचं.

गैरसमज: थर्मोस्टॅट काढला की गाडी कधीच तापणार नाही.

वस्तुस्थिती: थर्मोस्टॅट इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो आणि साधारण 82 ते 90 अंशांच्या आसपास उघडतो. तो काढला की इंजिन लवकर तापत नाही, ॲव्हरेज घसरतं आणि झीज वाढते. काही इंजिनांत बायपासची वाट थर्मोस्टॅटच बंद करतो. तिथे तो नसेल तर काही गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि चढावर गाडी आणखी तापते. बिघडला असेल तर बदला. काढून टाकणं हा इलाज नव्हे.

गैरसमज: काटा मध्यावर आहे म्हणजे सगळं ठीक आहे.

वस्तुस्थिती: अनेक गाड्यांत तापमान थोडं वर-खाली झालं तरी काटा मध्यावरच ठेवलेला असतो. तो हलला म्हणजे काम बरंच पुढे गेलेलं असतं. आणि कूलंट पूर्ण गळून गेलं तर सेन्सर कोरडा पडून काटा चक्क खाली येऊ शकतो. काही छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, फक्त दिवा असतो. म्हणून इंजिन गार असताना टाकीतली पातळी पाहण्याला पर्याय नाही.

गैरसमज: गाडी तापते म्हणजे रेडिएटर गेला.

वस्तुस्थिती: गाडी कधी तापते, यावरून कारणाचा माग लागतो. सिग्नलला तापते आणि हायवेला निवते, तर पंखा, त्याचा रिले किंवा फ्यूज तपासा. घाटात आणि वेगात तापते, तर रेडिएटर चोक किंवा वॉटर पंप अशक्त. सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते, वरचा पाइप कढत आणि खालचा गार, तर थर्मोस्टॅट अडकलेला. खाली थेंब नाही तरी पातळी उतरते, टाकीत बुडबुडे येतात, इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नाही किंवा ऑइल दुधाळ दिसतं, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या.

या शेवटच्या प्रकारात ‘पाणी घालत घालत घरापर्यंत जाऊ’ हा विचार सोडा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 वर फोन करा आणि गाडी टो करून न्या. फक्त गॅस्केट बदलण्यावर भागणारं काम, त्या हट्टापायी ॲल्युमिनियमचं हेड वाकून मशीन शॉपच्या फेसिंगपर्यंत किंवा नव्या इंजिनापर्यंत जातं. त्यापुढे टोइंगचे पैसे फुटकळ असतात.