मोजा विणताना आतला पाय आठवा

दिवाळी सरली की वऱ्हाडातल्या अनेक घरांत विणकामाच्या सुया बाहेर निघतात. अमरावतीची राजापेठ असो की अकोल्याची जठारपेठ, दुपारच्या उन्हात गच्चीवर लोकरीचा गुंडा घेऊन बसलेली एखादी आजी किंवा काकू दिसतेच. हा छंद शिकण्याचा एक क्रम असतो. आधी मफलर, कारण त्यात टाके वाढवायचे नाहीत की कमी करायचे नाहीत. मग टोपडे, मग स्वेटर आणि हात चांगला बसला की पायमोजे. मोजा दिसायला इवलासा, पण सगळ्यात अवघड. चार सुयांवर गोल विणायचा, टाच वळवायची, पंजाकडे टाके कमी करत न्यायचे आणि पुन्हा अगदी तसाच दुसरा करायचा. पहिल्या जोडीतला एक सैल आणि एक घट्ट होतो, हा बहुतेकींचा अनुभव.

हे मोजे बहुतेक वेळा दोन प्रकारच्या पायांत जातात. एक घरात नव्याने आलेल्या बाळाच्या आणि दुसरे घरातल्या वयस्क माणसाच्या. त्या वयस्क माणसाला अनेकदा मधुमेह असतो. या दोघांत एक साम्य आहे. मोजा कुठे टोचतो, कुठे आवळतो, हे दोघेही सांगू शकत नाहीत. बाळाला बोलता येत नाही आणि जुन्या मधुमेहात तळपायाची संवेदना गेलेली असू शकते. म्हणून विणणाऱ्याची प्रगती केवळ नक्षीवरून मोजू नये. आतल्या पायाचा विचार किती झाला, यावरूनही ती मोजावी.

स्वेटर ऊब राखतो, तयार करत नाही

लोकरीचा कपडा उबदार का वाटतो? लोकरीचा तंतू सरळ नसतो, कुरळा असतो. त्या कुरळेपणामुळे विणीत हवा अडकून राहते. हवा उष्णतेची मंदवाहक आहे, त्यामुळे अंगातली उष्णता सहज बाहेर जात नाही. शिवाय खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा शोषूनही अंगाला ओलसर लागत नाही. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख, सुती कपडा आपल्या उन्हाळ्याला उत्तमच. पण सूत ओले झाले की लवकर वाळत नाही आणि ओला कपडा अंगातली उष्णता ओढून घेतो. म्हणून हिवाळ्यात बाळाचे दुपटे, लंगोट ओले झाले की लगेच बदलायचे.

बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारा बराचसा धागा प्रत्यक्षात अ‍ॅक्रिलिकचा असतो. तो स्वस्त, धुवायला सोपा आणि हवा अडकवण्याच्या कामाला ठीक असतो. मात्र तो ओलावा फारसा शोषत नाही आणि आगीजवळ वितळून कातडीला चिकटतो. आपल्याकडे बाळाला आणि बाळंतिणीला शेगडीचा शेक देण्याची पद्धत अजून आहे. धूर बाळाच्या फुप्फुसांना घातकच असतो, त्यात अ‍ॅक्रिलिकचे कपडे घातले असतील तर भाजण्याचा धोकाही वाढतो. शेगडी बाळंतिणीच्या खोलीबाहेरच ठेवावी.

यातली मुख्य गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्वेटर उष्णता निर्माण करत नाही, अंगात असलेली टिकवतो. आधीच गार पडलेल्या बाळावर एकावर एक कपडे चढवले तर ते गारच राहू शकते. त्याला उष्णतेचा स्रोत लागतो आणि तो म्हणजे आईचे अंग.

‘आपल्याकडे कुठे एवढी थंडी?’

उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या अकोल्यात बाळ गारठू शकते, हे पटायला जड जाते. पण डिसेंबर-जानेवारीच्या रात्री इथला पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. मेळघाटात, चिखलदऱ्याच्या पठारावर गारठा आणखी जाणवतो. आणि नवजात बाळाला गारठायला कडाक्याची थंडी लागतच नाही. मोठ्यांना सुखद वाटणाऱ्या खोलीत, पंख्याखाली ओले राहिलेले बाळही गार पडते.

याचे कारण त्याच्या शरीराच्या ठेवणीत आहे. वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचा पृष्ठभाग मोठा असतो. डोके तर शरीराच्या लांबीच्या पाव भागाएवढे, त्यामुळे उघड्या डोक्यातून बरीच उष्णता जाते. मोठ्यांसारखे कुडकुडून उष्णता तयार करणे त्याला जमत नाही. मानेजवळ आणि खांद्यांच्या मध्ये असलेली खास तपकिरी चरबी जाळून ते ऊब मिळवते. त्यात रक्तातली साखर आणि प्राणवायू खर्ची पडतो. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाकडे ही चरबीही थोडीच असते. मग बाळ सुस्त होते, दूध ओढत नाही आणि आणखी गार पडते. नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. ३६ च्या खाली गेले तर ते गंभीर समजायचे.

अमरावतीचे डफरीन आणि अकोल्याचे लेडी हार्डिंग ही जिल्हा स्त्री रुग्णालये पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणांसाठी ओळखली जातात. अशा रुग्णालयांत आता कमी वजनाच्या बाळांना ‘कांगारू मातृसेवा’ दिली जाते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी इन्क्युबेटर पुरेसे नसल्यामुळे ही पद्धत सुरू केली. बाळाला आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून उभे धरायचे आणि वरून पांघरायचे. भारतासह ५ देशांत झालेला मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १ ते १.८ किलो वजनाच्या ३,२११ बाळांपैकी ज्यांना जन्मानंतर लगेच ही सेवा मिळाली, त्यांच्यात २८ दिवसांतील मृत्यू १२ टक्के होते. ज्यांना ती प्रकृती स्थिर झाल्यावर मिळाली, त्यांच्यात ते १५.७ टक्के होते.

छातीशी धरलेल्या या बाळाच्या अंगावर काय असते? टोपडे, मोजे, लंगोट आणि फार तर पुढून उघडणारी बिनबाह्यांची बंडी. म्हणजे जाड, गळाबंद स्वेटर इथे अडचणच करतो. विणणारीने कौतुकाने महिनाभर खपून केलेल्या नक्षीच्या स्वेटरपेक्षा दोन दिवसांत होणारे साधे टोपडे आणि मोजे जास्त कामाला येतात.

तळवा काय सांगतो

घरी थर्मामीटर नसेल तर हाताच्या पाठीने बाळाचे पोट आणि तळवे तपासावेत. पोट आणि तळवे दोन्ही उबदार असतील तर बाळ ठीक आहे. पोट उबदार पण तळवे गार असतील तर बाळाला थंडी सोसावी लागते आहे. लगेच त्याला आईच्या छातीशी घ्यावे, दूध पाजावे आणि थोड्या वेळाने पुन्हा तपासावे. दोन्ही गार असतील, बाळ सुस्त असेल, दूध ओढत नसेल तर त्याला छातीशी धरूनच रुग्णालय गाठावे.

म्हणजे मोजा बाळाचा तळवा उबदार ठेवतो, तसा तो ही सूचना झाकूनही टाकतो. दिवसातून काही वेळा मोजा काढून पाहायलाच हवा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आपल्याच विदर्भातल्या गडचिरोलीत गावातल्या बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. बाळाला उबदार ठेवणे हा त्या कामाचा एक भाग होता. आज रुग्णालयात बाळंतपण झाले तरी आशाताई पहिल्या ४२ दिवसांत ६ वेळा घरी येतात, तापमान आणि वजन पाहतात. त्या आल्या की मोजे काढून पाय दाखवावेत.

याची दुसरी बाजूही आहे. “लेकराले थंडी लागन” म्हणून मार्चमध्येही दोन स्वेटर, टोपडे आणि वर दुपटे असे बाळ वऱ्हाडात सर्रास दिसते. त्यानेही बाळाचे अंग तापते. मोठ्या माणसाच्या अंगावर जेवढे कपडे, त्यापेक्षा एक थर जास्त, एवढा साधा हिशेब पुरे. पूर्ण दिवसांचे, चांगल्या वजनाचे बाळ उबदार खोलीत झोपताना सैल टोपडे घालू नये, ते नाकातोंडावर घसरू शकते.

एक सुटा धागा

बाळ एकसारखे रडते आहे, दूध पाजले, लंगोट बदलला, तरी थांबत नाही. अशा वेळी मोजे काढून एकेक बोट पाहावे. मोज्याच्या आतला सुटा धागा किंवा आईचा गळलेला केस इवल्या बोटाभोवती गुंडाळला जातो. बाळ पाय हलवते तसा तो अधिक आवळतो. बोट सुजते, लाल मग निळसर होते आणि सुजेत धागा दिसेनासाही होतो. रक्तपुरवठा बंद राहिला तर बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. बोटावर अशी आवळल्याची रेघ दिसली तर मलम लावत बसू नये, तडक रुग्णालयात जावे.

हा धोका विणतानाच टाळता येतो. बाळाच्या मोज्यात दोन रंगांची नक्षी नको, कारण तिचे धागे आतल्या बाजूला लोंबतात. जाळीची वीण नको, तिच्या भोकांत बोट अडकते. धाग्यांची टोके विणीत नीट ओवून घ्यावीत. गळ्याशी बांधायच्या लांब नाड्या, मणी आणि सैल बटणे टाळावीत. घोट्याशी इलॅस्टिक घालू नये. एक उलट-एक सुलट विणीचा पट्टा तेवढी पकड पुरेशी देतो. पूर्ण दिवसांच्या बाळाचे पाऊल साधारण साडेसात सेंटीमीटर असते, कमी वजनाच्या बाळाचे त्याहून लहान. मोजा काढल्यावर पायावर वळ दिसला तर तो घट्ट आहे. नवा कपडा घालण्यापूर्वी धुऊन, उन्हात वाळवून घ्यावा. रुग्णालयाला मोजे, टोपडी द्यायची इच्छा असेल तर आधी तिथल्या परिचारिकेला माप आणि धाग्याबद्दल विचारावे.

ज्या पायाला टोचत नाही

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या अनेकांच्या पायाच्या नसा हळूहळू निकामी होतात. अकोल्याहून शेगावला अनवाणी पायी जाणाऱ्या मधुमेहीला फोड येतो आणि तो घरी परतल्यावर दुसऱ्याच कुणाला दिसतो, तो याचमुळे. मोज्याच्या आतली शिवण, गाठ किंवा सुरकुती अशा पायाला दिवसभर घासते. जखम होते, चिघळते आणि वेळेत उपचार न झाल्यास पाय कापण्यापर्यंत वेळ येते.

हाताने गोल विणलेल्या मोज्याला बाजूला शिवण नसते, हा त्याचा मोठा गुण. पंजाचे शेवटचे टाके ओढून बांधण्याऐवजी समोरासमोर सुईने ओवून सपाट बंद केले तर बोटांपाशीही गाठ राहत नाही. मधुमेहीसाठी मोजा फिकट रंगाचा विणावा, म्हणजे रक्ताचा किंवा पुवाचा डाग लगेच दिसतो. वरचा पट्टा सैल असावा. मोजे रोज बदलावेत, रोज रात्री तळवे पाहावेत आणि नुसत्या मोज्यांवर चालू नये.

विणणाऱ्या हातांसाठी

सुया चालवण्याने मन शांत होते, असे विणणाऱ्या सांगतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३,५०० हून अधिक विणकरांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत वारंवार विणणाऱ्यांनी आपण अधिक शांत आणि आनंदी असल्याचे नोंदवले. अर्थात हे त्यांचे स्वतःचे म्हणणे आहे. विणकाम हा नैराश्यावरचा किंवा विस्मरणावरचा उपचार म्हणून सिद्ध झालेला नाही. चालू गोळ्या त्याच्या भरवशावर बंद करू नयेत.

हातांनाही मर्यादा असते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता असते. मधुमेह, थायरॉईडची कमतरता आणि गरोदरपण यांत हे अधिक आढळते. अर्ध्या तासाने सुया खाली ठेवाव्यात, बोटे मोकळी करावीत, कोपरांना उशीचा आधार द्यावा आणि उजेडात बसावे. तरी त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवावे.

जोडी पूर्ण झाली की शेवटचे एक काम उरते. मोजा उलटा करून आतून बोट फिरवायचे. बोटाला गाठ लागली, धागा अडकला, तर तेवढा भाग उसवून पुन्हा विणायचा. आतला पाय तक्रार करणार नसतो. त्याच्या वतीने ही तपासणी विणणारीनेच करायची असते.