अ‍ॅम्ब्युलन्समधूनच न्यूरॉलॉजिस्टला व्हिडिओ कॉल: स्ट्रोकच्या पेशंटला त्याचा खरा उपयोग किती?

घरातलं माणूस बोलता बोलता अडखळतं, तोंड एका बाजूला ओढल्यासारखं होतं, हातातला कप निसटतो. आपल्याकडे म्हणतात, "अंगावरून वारं गेलं." डॉक्टर याला पक्षाघात किंवा स्ट्रोक म्हणतात. इथून पुढे घड्याळ किती वेगाने पळतं याचा हिशेब जेफ्री सेव्हर या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने २००६ मध्ये मांडला होता. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडून झालेल्या स्ट्रोकमध्ये उपचार मिळाला नाही, तर दर मिनिटाला साधारण १९ लाख चेतापेशी मरतात.

आता नेहमीचा प्रवास आठवा. अ‍ॅम्ब्युलन्स येते, पेशंटला घेते, हॉस्पिटलला पोहोचते. तिथे केसपेपर निघतो, ड्यूटीवरचे डॉक्टर बघतात, ते न्यूरॉलॉजिस्टला फोन करतात, सीटी स्कॅनची खोली रिकामी आहे का ते पाहिलं जातं. म्हणजे गाडीतली ती २०-३० मिनिटं पेशंट फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो, त्याच्या आजाराबद्दलचा कुठलाच निर्णय होत नाही. अ‍ॅम्ब्युलन्समधल्या टेलीमेडिसिनची सगळी धडपड हीच मिनिटं कामी लावण्याची आहे.

आधी एक अडचण समजून घेऊ

स्ट्रोक दोन प्रकारचे असतात. एकात गुठळी अडकून रक्तपुरवठा थांबतो, दुसऱ्यात रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्त साचतं. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन आहे. अमेरिकेत त्याला १९९६ मध्ये मान्यता मिळाली आणि लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत ते द्यावं लागतं. पण तेच इंजेक्शन रक्तस्राव झालेल्या पेशंटला दिलं, तर जीवावर बेतू शकतं.

आणि बाहेरून दोन्ही पेशंट अगदी सारखे दिसतात! वाकडं तोंड तेच, लुळा हात तोच. फरक कळतो तो सीटी स्कॅनमध्येच. म्हणून कॅमेरा कितीही भारी असला, नेट कितीही फास्ट असलं, तरी नुसत्या व्हिडिओ कॉलवरून कुणीही डॉक्टर "द्या इंजेक्शन" असं म्हणू शकत नाही. यामुळेच या तंत्रज्ञानाच्या दोन वाटा झाल्या: एक स्वस्त, एक चांगलीच महाग.

स्वस्त वाट: नेहमीची अ‍ॅम्ब्युलन्स आणि एक टॅबलेट

यात सामान फारसं लागत नाही. पेशंटचा चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा बसवलेला टॅबलेट किंवा छताजवळचा झूम होणारा कॅमेरा, चांगला माइक, गाडीच्या टपावर अँटेना आणि एक मोडेम. मोडेममध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची सिम कार्ड टाकली, तर एकाची रेंज गेली तरी दुसरं सांभाळून घेतं. रेंज कमी झाली की सॉफ्टवेअर आधी चित्राचा दर्जा उतरवतं आणि आवाज शाबूत ठेवतं. ते बरोबरच आहे, कारण चित्र जरा धूसर झालं तर चालतं, पण पेशंटची जीभ जड झाली आहे की मधले शब्दच नेटने खाल्ले हे डॉक्टरला कळलं नाही तर सगळंच फसतं.

पलीकडे बसलेला न्यूरॉलॉजिस्ट एक ठरलेली तपासणी करतो. हात उचलून धरायला सांगतो, हसायला सांगतो, समोरच्या वस्तूचं नाव विचारतो आणि प्रत्येक गोष्टीला गुण देतो. हे गुण ० ते ४२ असतात, जितके जास्त तितका स्ट्रोक मोठा. डोळे आणि डोकं डॉक्टरचं, हात मात्र गाडीतल्या कर्मचाऱ्याचे. तोच पेशंटचा हात वर धरून सोडतो, पाय हलवून दाखवतो, बोटाला टोचून साखर तपासतो. साखर फार उतरली तरी हुबेहूब स्ट्रोकसारखं दिसतं, त्यामुळे ही साधी टोचणी कधीकधी सगळा गोंधळ मिटवते.

मला यातला सर्वात मोलाचा भाग वेगळाच वाटतो. डॉक्टर थेट नातेवाइकांशी बोलू शकतो. "शेवटचं ठणठणीत कधी पाहिलंत?", "रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का?" या दोन प्रश्नांवर पुढचा उपचार अडलेला असतो. एरवी हॉस्पिटलात हे विचारायची वेळ येते, तेव्हा नेमकं माहिती असणारं माणूस मागून दुसऱ्या गाडीने येत असतं.

तपासणी झाली की डॉक्टर हॉस्पिटलला कळवतो: सीटी मोकळी ठेवा, नोंदणी आत्ताच करा. कुठे न्यायचं हेही तिथेच ठरतं. मोठी गुठळी असेल तर मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून ती ओढून काढावी लागते आणि ही सोय सगळीकडे नसते. (पण म्हणून लांबचं मोठं हॉस्पिटल नेहमीच बरं असंही नाही. स्पेनच्या कॅटलोनियात शहरांपासून दूर राहणाऱ्या अशा पेशंटवर मोठी चाचणी झाली. काहींना थेट मोठ्या केंद्रात नेलं, काहींना आधी जवळच्या हॉस्पिटलात. तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही.)

हे सगळं पहिल्या फटक्यात जमलं असं समजू नका. बर्लिनमध्ये ३जीच्या काळात चालत्या अ‍ॅम्ब्युलन्समधून अशा सराव-तपासण्या घेतल्या, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा कनेक्शनने दगा दिला. चित्र पालटलं ते ४जी आल्यावर. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या ग्रामीण भागात साधा टॅबलेट आणि ४जी मोडेम वापरून चालत्या गाडीतली तपासणी शक्य असल्याचं दाखवलं गेलं.

महाग वाट: गाडीतच सीटी मशीन

जर्मनीतल्या होम्बुर्गच्या क्लाउस फासबेंडर यांनी उलटा विचार केला. पेशंटला मशीनकडे न्यायच्या ऐवजी मशीनच पेशंटच्या दारात न्यायचं! २००८ मध्ये त्यांची गाडी रस्त्यावर आली. आत फक्त डोकं मावेल एवढं सीटी मशीन, रक्त तपासायची छोटी यंत्रं आणि इंजेक्शन. स्कॅन घेताना गाडी एका जागी उभी करतात, कारण हलत्या डोक्याचा स्कॅन काही कामाचा नसतो. २०१२ मध्ये त्यांच्या चाचणीचे आकडे आले: मदतीचा फोन आल्यापासून उपचाराचा निर्णय होईपर्यंत नेहमीच्या पद्धतीत ७६ मिनिटं लागत, या गाडीत ३५.

पण प्रत्येक गाडीत न्यूरॉलॉजिस्ट बसवायचा म्हणजे तो दिवसभर फोनची वाट बघत बसणार. इथे पुन्हा टेलीमेडिसिन कामी आलं. अमेरिकेत क्लीव्हलँडने २०१४ मध्ये गाडी सुरू केली तीच न्यूरॉलॉजिस्टला पडद्यावर ठेवून. स्कॅनची चित्रं मोबाइल नेटवरून हॉस्पिटलला जातात आणि डॉक्टर तिथूनच निर्णय देतो. पडद्यावरचा डॉक्टर चुकेल का, ही शंका येतेच. ह्युस्टनमध्ये त्यासाठी एक डॉक्टर गाडीत आणि एक पडद्यावर ठेवून दोघांचे निर्णय ताडून पाहिले. ते ८८ टक्के वेळा जुळले. समोरासमोर बसलेल्या दोन न्यूरॉलॉजिस्टचंही साधारण तेवढंच जुळतं.

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. लक्षणं सुरू झाल्यापासून इंजेक्शन मिळेपर्यंतचा वेळ नेहमीच्या अ‍ॅम्ब्युलन्सने १०८ मिनिटं होता, या गाडीने ७२. पहिल्या तासाच्या आत इंजेक्शन मिळालेले पेशंट एकीकडे ३ टक्क्यांहूनही कमी, तर दुसरीकडे ३३ टक्के. आणि तीन महिन्यांनी जवळपास पूर्ववत झालेले ४४ विरुद्ध ५५ टक्के. म्हणजे शंभर पेशंटमागे आणखी अकरा जण आपल्या हाताने जेवताहेत, आपल्या पायांनी फिरताहेत.

आणि आपल्याकडे?

आसाममध्ये आयसीएमआरने अशी सीटीवाली गाडी चालवून पाहिली आणि नंतर ती राज्य सरकारच्या हवाली केली. महाराष्ट्रात मात्र माझं लक्ष आधी स्वस्त वाटेकडे जातं, कारण एक गोष्ट आपल्याकडे आयती आहे. २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झालेल्या आपल्या १०८ सेवेच्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये डॉक्टर असतो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तो नसतो. व्हिडिओवरच्या न्यूरॉलॉजिस्टला समोर जे तयार हात हवे असतात, ते इथे आधीच बसलेले आहेत. डॉक्टरने डॉक्टरचा दुरून सल्ला घेण्याची वाटही केंद्राच्या २०२० च्या टेलीमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी मोकळी केली आहे.

अडचणी दोन. घाटात रेंज जाते हे आपण सगळेच जाणतो, तिथे कॉल गाडी निघायच्या आधी, पेशंटच्या अंगणातूनच उरकून घ्यावा लागेल. दुसरी अडचण जास्त अवघड आहे. रात्री दोनला पलीकडून कॉल उचलणारा न्यूरॉलॉजिस्ट हवा आणि पोहोचल्यावर खरोखर चालू असलेलं सीटी मशीन हवं. ही साखळी नसेल तर टॅबलेट नुसता शोभेचा.

तोपर्यंत आपल्या हातात काय? तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी १०८ लावा, फोनवर "स्ट्रोक वाटतोय" असं स्पष्ट सांगा. पेशंटला खायला-प्यायला काही देऊ नका, गोळीसुद्धा नाही. शेवटचं ठणठणीत पाहिल्याची वेळ मोबाइलमध्ये टिपून ठेवा आणि चालू औषधांची पाकिटं पिशवीत टाकून सोबत न्या.