कुसळं

एन्जामेना : न्गेलीचा पूल ओलांडला की देश बदलतो. लोगोन नदीच्या अलीकडे चाडची राजधानी, पलीकडे कॅमेरूनचं कुसेरी. हाताने पेडल मारायच्या तीनचाकी सायकलींवर पोती लादून माणसं पलीकडून येत असतात. दोन्ही काठांवर चलन एकच, मध्य आफ्रिकी फ्रँक. बाजारातली बोलीही एकच, चाडी अरबी.

उत्तरेला चाड सरोवरात तर पूलही नाही, की नाकंही. चाड, कॅमेरून, नायजेरिया आणि नायजर या चौघांच्या हद्दी पाण्यातच एकमेकींना भिडतात. १९६०च्या दशकात सुमारे २५ हजार चौरस किलोमीटर पसरलेलं हे पाणी वीस-पंचवीस वर्षांत दहाव्या हिश्श्यावर आलं. उरली ती बेटं, लव्हाळी आणि होडीवाल्यांनाच ठाऊक असलेल्या वाटा. २००९ मध्ये नायजेरियात बंड केलेल्या बोको हरामला पुढे लपायला हीच जागा सापडली. इकडे हल्ला करायचा आणि होडीत बसून तिकडच्या देशात निघून जायचं!

पाठलाग करणारा सैनिक मात्र हद्दीपाशी थबकतो. म्हणून २०१५ मध्ये आफ्रिकी संघाच्या संमतीने बहुराष्ट्रीय संयुक्त दल नव्याने उभं राहिलं. मुख्यालय एन्जामेनात, विभाग चार : मोरा, बागा-सोला, दिफा आणि बागा (तो पुढे मोंगुनोला गेला). कागदावर फौज एक. प्रत्यक्षात बहुतेक तुकड्या आपापल्याच देशात, आपल्याच सेनापतीच्या शब्दावर चालतात. नायजेरियाचे अधिकारी इंग्रजी बोलतात, चाड-नायजरचे फ्रेंच. संयुक्त मोहिमा झाल्या, गावं परत मिळाली. पण सैनिक घरी परतले की बेटं पुन्हा मोकळी.

२७ ऑक्टोबर २०२४च्या रात्री सरोवरातल्या बर्काराम बेटावरच्या तळावर बोको हरामच्या हल्ल्यात सुमारे ४० चाडी सैनिक मारले गेले. शेजारी हात आखडता घेतात, असं सांगत राष्ट्राध्यक्ष महामत देबी यांनी दलातून बाहेर पडण्याचा इशारा दिला. मार्च २०२५ मध्ये नायजर खरोखरच बाहेर पडला. नायजरमधल्या २०२३च्या लष्करी उठावानंतर नायजेरियाने त्याच्याशी असलेली सीमा बंद केली होती. त्या कटुतेनंतर एका ताटात जेवणं अवघडच होतं.

बर्कारामनंतर देबींनी काढलेल्या मोहिमेचं नाव ‘हास्कानीत’. हे इकडचं वाळूतलं गवत, आपल्या कुसळासारखं कपड्यांना चिकटणारं. शत्रूचा असाच पिच्छा पुरवायचा, हा त्यातला भाव. शेजाऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आधी दिसतं, ही आपली म्हण मात्र इथल्या चारही राजधान्यांना लागू पडावी.

परवा शहराबाहेर उतरलो तर विजारभर हीच कुसळं. पायांवरची मी उपटली. ड्रायव्हर हसला आणि काही न बोलता मला पाठमोरा करून पाठीवरची काढू लागला.