डीएनएचा पीळ: उजवा की डावा?

फळ्यावर डीएनएचे चित्र काढताना पीळ कोणत्या बाजूस द्यायचा, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आमच्याकडे येणाऱ्या शिक्षकांच्या हाती आम्ही एक साधा स्क्रू देतो आणि पुस्तकातले चित्र त्याच्याशी ताडून पाहायला सांगतो. स्क्रू उभा धरला की समोरचे आटे डावीकडून उजवीकडे चढत जातात. हा उजवा पीळ. नेहमीचा डीएनए असाच असतो. पण उलट्या छापलेल्या चित्रांत तो डावा दिसतो, आणि अशी चित्रे थोडी नाहीत.

वॉटसन आणि क्रिक यांच्या १९५३ सालच्या प्रतिकृतीला आधार होता तो डीएनएच्या तंतूंच्या क्ष-किरण चित्रांचा. तंतूमध्ये असंख्य रेणू शेजारी असतात, पण प्रत्येक आपल्या अक्षाभोवती कसाही फिरलेला असतो. त्यामुळे हाती येते ती सरासरी. वर्गाच्या सरासरी गुणांवरून एका मुलाचे गुण कळत नाहीत, तसेच हे. अणूंच्या नेमक्या जागा कळायला स्फटिक हवा, आणि स्फटिकासाठी सगळे रेणू अगदी सारखे हवेत. हव्या त्या क्रमाचे आखूड तुकडे प्रयोगशाळेत पुरेसे तयार करता येऊ लागले, तेव्हा कुठे हे जमले.

१९७९ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत अँड्र्यू वांग, अलेक्झांडर रिच व सहकाऱ्यांनी सहा जोड्यांच्या तुकड्याची रचना उलगडली. त्यात सायटोसिन आणि ग्वानिन आळीपाळीने येत होते. अपेक्षा उजव्या पिळाची होती, निघाला डावा! फॉस्फेटची वाट नागमोडी, म्हणून नाव पडले झेड-डीएनए. मिठाच्या तीव्र द्रावणात अशा क्रमाच्या डीएनएचा प्रकाशीय वर्णपट उलटा होतो, हे पोल आणि योविन यांनी १९७२ मध्येच पाहिले होते. त्या कोड्याचा अर्थ आता लागला.

मग वॉटसन-क्रिक चुकले होते काय? लवकरच कॅलिफोर्नियात डिकरसन, ड्रू व सहकाऱ्यांनी बारा जोड्यांचा तुकडा तपासला. पीळ उजवा, एका वेढ्यात सुमारे दहा जोड्या: म्हणजे सरासरी बरोबरच होती. मात्र दोन लगतच्या जोड्यांमधला कोन सगळीकडे ३६ अंश नव्हता. क्रमानुसार तो कमीजास्त होत होता. अरुंद खोबणीत पाण्याचे रेणू ओळीने बसलेलेही दिसले. तिसरे रूप ए: उजवेच, पण आखूड, जाड, वेढ्याला अकरा जोड्यांचे.

आता उलट्या चित्राकडे येऊ. ते झेड-डीएनएचे चित्र म्हणून चालेल का? नाही. डीएनएमधल्या शर्करेलाही डावे-उजवे असते. आरशातल्या डीएनएला आरशातली शर्करा लागेल, आणि आपल्या पेशींतला डीएनए तशा शर्करेचा नसतो. झेड-डीएनएमध्ये शर्करा नेहमीचीच. ग्वानिन मात्र तिच्यावर उलटा वळून बसतो. वेढ्यात बारा जोड्या असतात, आणि रचनेची आवृत्ती दर दोन जोड्यांनी होते.

एकाच रेणूत उजवा पीळ संपून डावा सुरू होतो तिथे काय होत असेल? अशा सांध्याचा स्फटिक २००५ मध्ये उलगडला. तिथे एक जोडी तुटलेली होती आणि तिचे दोन्ही बेस पिळाबाहेर आलेले होते.